शपथ कोणाच्या मुखातून घ्यावी

उपकार मानायचे तर नाव घेऊन मानावेत, मोघम मानू नयेत, अशी आमच्या घरची रीत आहे. म्हणून प्रथम दोन नावे सांगते. एक धुळे-शिरपूर रस्त्यालगतच्या गावातल्या धुरपदाबाई आणि दुसरे डॉक्टर कुंदन चौधरी. या दोघांशी आमचे नातेगोते नाही, व्यवहारही नाही. तरी माझी नात आज डॉक्टर म्हणून उभी आहे ती या दोघांमुळे.

माझे नाव चंदनबाई. जळगावात आमची डाळ मिल आहे. आजेसासरे राजस्थानातून आले तेव्हापासून घरात मारवाडी, दुकानात खानदेशी आणि शाळेत मराठी असा आमचा परिपाठ. इंग्रजी मात्र मी शिकले नाही. ते शिकली माझी नात चेलना. माझ्या मुलाची, ज्ञानचंदाची, ही एकुलती मुलगी धुळ्याला वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, पाच-साडेपाच वर्षांनी उत्तीर्ण झाली आणि पदवीदानाच्या समारंभात सगळ्या तुकडीला शपथ देण्याचा मान तिला मिळाला. व्यासपीठावर उभे राहून तिने एकेक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायची. बातमी आली त्या दिवशी मी स्वतः फोन घेऊन बसले. चाळीसगावचे माझे दीर प्रेमराज, भुसावळच्या नणंदा, अमळनेरचे व्याही, सगळ्यांना निरोप दिले. नातीचा मान हा घराचा मान, आणि घराचा मान सांगण्यात मला कधी संकोच वाटलेला नाही.

समारंभाला दोन दिवस उरले असताना चेलना घरी आली. सूर्यास्ताआधीची जेवणे आटोपली होती. मी ओसरीवर माळ घेऊन बसले होते. ती समोर येऊन बसली. तिच्या मांडीवर एक जाडजूड शब्दकोश होता.

“दादी, एक शब्द अडलाय.”

“डॉक्टर झालीस आणि शब्द अडतो?”

“शपथ इंग्रजीत आहे, पण प्रत्येक ओळ मागोमाग मराठीतही म्हणायची असं कॉलेजातल्या सरांनी ठरवलंय. पहिल्याच ओळीत ‘सॉलम’ असा शब्द आहे. शेवटी एन लिहायचा, पण म्हणायचा नाही.”

“म्हणायचा नाही तर लिहिता कशाला?”

“ते इंग्रजांना विचारा,” असे म्हणून ती हसली. घरी आल्यापासूनचे ते तिचे पहिलेच हसू. मग तिने कोश उघडला. “इथं गंभीर दिलंय. विधिपूर्वक दिलंय. पवित्र, अंतःकरणपूर्वक, असंही दिलंय. एक म्हणून बसत नाही.”

“गंभीर काय वाईट आहे?”

“गंभीर तर प्रेमराज आजोबाही असतात. जेवतानासुद्धा.”

“त्यांची कवळी नवीन आहे,” मी म्हणाले. “तुझा तो शब्द वापरतात कुठे, ते सांग. कोशात शब्दाचा अर्थ मिळतो, चाल मिळत नाही. चाल वापरात कळते.”

ती सांगू लागली. एखाद्याचा चेहरा सॉलम असतो, एखादा प्रसंग असतो, वचन असते. आजारी माणूस सिरीयस असतो, सॉलम नसतो. मला गंमत वाटली. मी तिची परीक्षा घ्यायला लागले.

“आपल्याकडची वरात सॉलम का?”

“छे! बँड, घोडा आणि काकांचा नाच?”

“आणि फेरे?”

“फेरे हो.”

“पंगत?”

“पंगत नाही.”

“दुकानाचा मुहूर्त?”

“पूजा हो. पेढे वाटणं नाही.”

“संवत्सरीचे प्रतिक्रमण, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो ते?”

“तेव्हा तर नक्की.”

“आणि रोज सकाळी लहानपणी तू माझ्याकडून पच्चक्खाण घ्यायचीस, ते?”

हे विचारल्यावर ती कोशाची पाने उलटू लागली. पच्चक्खाण म्हणजे आम्हा जैनांचा नियम. आज अमुक सोडेन, तमुक वेळेपर्यंत खाणार नाही, असे ठरवून ते मोठ्यांच्या मुखातून ऐकून घ्यायचे. 

“दादी, मी शपथ देणार नाही,” ती म्हणाली. “घेणारही नाही. समारंभालाच जाणार नाही. पुण्याच्या एका कंपनीत काम मिळतंय. कागद तपासायचे. पेशंट नाहीत.”

ज्ञानचंद आतून ऐकत असावा. तो दारात येऊन उभा राहिला. आईला तो बाईच म्हणतो. “बाई, आता तुम्हीच सांगा हिला. चार दिवस झाले, फोनवर हेच चालू आहे. आपण सगळ्या गोताला बोलावून बसलोय.”

“गोताचे मी बघेन,” मी म्हणाले. “तू आत जा. ही माझ्याशी बोलते आहे.”

तो गेल्यावर चेलनाने जे सांगितले ते असे. उमेदवारीच्या, म्हणजे इंटर्नशिपच्या, काळात ती धुळ्याबाहेरच्या एका सरकारी दवाखान्यात होती. तिथे धुरपदाबाई नावाची शेतकरीण पायाची जखम चिघळल्यामुळे दाखल झाली. एका औषधाची सुई आपल्याला सोसत नाही, हे तिने येताच सांगितले. चेलनाने ते ऐकले आणि स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात गर्दी झाली, एकामागून एक रुग्ण येत राहिले, आणि त्या धांदलीत तीच सुई चेलनाने स्वतःच त्या बाईला दिली. थोड्याच वेळात बाईचा श्वास अडकला, अंगावर लाल चट्टे उठले, नाडी लागेना. तिथले तिचे वरिष्ठ डॉक्टर कुंदन चौधरी धावत आले आणि त्यांनी उलट औषध देऊन तिला परत आणले. ती वाचली, बरी होऊन घरी गेली.

“लिहिलं होतं, दादी. माझ्याच अक्षरात. तरी विसरले.” तिचा आवाज खाली गेला. “आता व्यासपीठावर उभी राहून रुग्णाचं हित सर्वांत आधी असं सॉलमपणे म्हणू? घेण्याआधीच मोडलेली शपथ आहे ही.”

मुलांना जवळ घेऊन थोपटण्याची सवय मला नाही. तिचे वडीलही तसे वाढले नाहीत. मी माळ खाली ठेवली.

“नवकारसीचा नियम काय?”

“सूर्योदयानंतर दोन घटका काही खायचं-प्यायचं नाही.”

“त्यात सवलती किती?”

तिने मान वर केली. पाठ होते तिला. लहानपणापासून माझ्यासमोर उभी राहून ऐकलेले होते. “दोन. अनाभोग आणि सहसागार.”

“अर्थ सांग.”

“अनाभोग म्हणजे भान सुटलं, नियम विसरून तोंडात घास गेला. सहसागार म्हणजे आपण काही केलं नसता अचानक काही तोंडात पडलं. ताक घुसळताना शिंतोडा उडाला, तसं.”

“तेवढ्याने नियम मोडतो?”

“नाही.”

“मग ज्यांनी हे नियम घालून दिले त्यांना माणूस विसरतो हे ठाऊक होते, असेच ना? नियम घेतानाच विसरण्याचे नाव घेतलेले आहे. ते लपवून ठेवलेले नाही. पण त्यालाही अट आहे. आठवल्या क्षणी घास तोंडातून बाहेर काढायचा. आठवल्यावर गिळला, तर मोडला. तू काय केलेस? आठवले तेव्हा?”

“ओरडले. चौधरी सरांना हाक मारली. धावत आले ते, आणि त्यांना पहिलं वाक्य हेच सांगितलं की ही सुई मी दिली, हिला चालत नव्हती, माझी चूक. ते म्हणाले, हे लगेच सांगितलंस म्हणून औषध लगेच ठरलं. नंतर बाई शुद्धीवर आल्यावर त्यांनाही सांगितलं.”

“गिळला नाहीस, म्हणजे.”

मला वाटले, संपले. घराण्यात कोणाची समजूत काढायची असली की मला सहसा एवढे पुरते. पण चेलना माझीच नात. तिने कोश मिटला आणि शांतपणे म्हणाली:

“पण दादी, घास माझ्या तोंडात नव्हता. सुई मी दुसऱ्याच्या हातात टोचली होती. नवकारसी मोडली तर माझं पाप माझ्यापाशी राहतं. इथं ती बाई मेली असती.”

 नसलेले उत्तर असल्यासारखे दाखवावे, हा माझा स्वभाव नाही.  मी ज्ञानचंदाला हाक मारली.

“उद्या सकाळी गाडी काढ. धुरपदाबाईंच्या गावी जायचे आहे.”

“बाई, तिकडे? आणि त्यांनी काही बोलून दाखवलं तर? तक्रार केली तर?”

“तर ऐकून घेऊ. संवत्सरीला आपण साऱ्या जगाची क्षमा मागतो, ओळखीच्या-अनोळखीच्या. जिला दुखवले तिच्या उंबऱ्याशी जायला पेट्रोल महाग झाले आहे का?”

सकाळी नवकारसी पारून, न्याहारी उरकून आम्ही निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे करत महामार्गाला लागलो. शेतांतून कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. चेलना खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिची डॉक्टरी पिशवी तिने मुद्दाम घरी ठेवली होती, हे माझ्या ध्यानात आले होते. 

धुरपदाबाई अंगणात मिरच्या निवडत होत्या. वय माझ्याहून पाच-दहा वर्षांनी लहान असेल, अंगाने काटक. चेलनाला पाहून त्या उठल्याच.

“अगं माय! डाक्टरीनबाई! तुले मी वळखं ना.” मग माझ्याकडे पाहून, “ह्या कोन?”

“मी हिची आजी. जळगावची.”

“बसा शेठानी, बसा.” त्यांनी खाट पुढे ओढली. ज्ञानचंद मात्र गाडीपाशीच उभा राहिला. त्याला मी तसे सांगितले होते.

चेलना बसली नाही. उभ्यानेच हात जोडून म्हणाली, “धुरपदाबाई, दवाखान्यात मी सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही ग्लानीत होतात. म्हणून परत सांगायला आले. तुम्ही मला सांगितलं होतंत, ती सुई चालत नाही. मी लिहूनही घेतलं. आणि तरी दिली. तुमचा जीव गेला असता. मी क्षमा मागायला आले.”

धुरपदाबाईंनी मिरच्यांचे सूप बाजूला सरकवले. “ग्लानीत कसानी? बठ्ठं ऐकं मी. जित्ती शे ना मी आते!” म्हणजे सगळे त्यांनी ऐकले होते. मग आवाज उतरला. “राग उना व्हता. खोटं काय बोलू? घर उनू आनि दोन दिवस तुले शिव्या दिध्यात.”

“द्यायलाच हव्यात,” चेलना म्हणाली.

“ते दिध्यात ना! आते का परत देऊ?” त्यांनी पदराने तोंड पुसले. “देख माय, मीबी दूध चुलावर ठेवस आनि इसरी जास. बठ्ठा मानसे चुकतस. पन तू पळी नही गयी. मना हात धरीसन बठी राहिनी. मनी सून ते दारमा उभी राहीसन रडी राहिनी व्हती, तिले बी तूच पानी दिधं.”

शिव्या दिल्याचे सांगितले, आणि चेलना पळून न जाता हात धरून बसून राहिली, हेही सांगितले. मला वाटले, आता चहा घेऊन उठावे. तेवढ्यात त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि उजवा हात चेलनापुढे धरला.

“आते देख बरं. माले चक्कर येतस, आठेक दिन झायात.”

चेलना मागे सरली. “मी? नाही, मी काही आणलेलं नाही. तुम्ही दवाखान्यात दाखवा. चौधरी सरांना.”

“त्या सर धुयाले. तू आठे शे.” आणि डोळे मिचकावून, “पयले इचारी ले कोनती सुई चालत नई, मंग देख!”

मी मोठ्याने हसले. इतक्या मोठ्याने की गाडीपाशी उभा ज्ञानचंद दचकून बघू लागला. चेलना हसली नाही. ती त्या हाताकडे बघत होती. सुई याच हातात दिली होती, हे तिने मला नंतर सांगितले. त्या बाईला ते आठवत होते की नाही, मी विचारले नाही. मला वाटते, आठवत होते.

चेलना जमिनीवर बसली. मनगट हातात घेतले. नाडीवर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत राहिली. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, जीभ पाहिली, नखे पाहिली. उपवास किती करता, जेवता काय, आधी कुठली औषधे घेतलीत, कुठल्या औषधाने त्रास झाला होता, हे विचारले. तेवढे एकच तिने फिरून फिरून विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा धुरपदाबाई म्हणाल्या, “तीच ती! माले पाठ झाय, तुले कव्हळ व्हयी?”

“मला पण झालं,” चेलना म्हणाली. “तरी विचारणार. दर वेळी विचारणार.”

रक्त कमी झाले आहे, तपासणी करून घ्यायला हवी, असे तिने सांगितले, कुठे जायचे ते सांगितले, आणि सुनेला बोलावून तिच्याकडून सगळे परत म्हणवून घेतले. धुरपदाबाईंनी आम्हाला पिशवीभर मिरच्या दिल्या. मी घेतल्या. देणाऱ्याचा हात मागे ढकलू नये.

परतताना मला वाटले, आता मुलगी व्यासपीठावर उभी राहील. मी मनातल्या मनात तिची साडीही ठरवली. धुळे ओलांडले तेव्हा ती म्हणाली:

“दादी, समारंभाला जाईन. शपथ घेईन. पण देणार नाही.”

“म्हणजे?”

“पच्चक्खाण कोण देतं?”

“ज्याने पाळले आहे तो.”

“मग मी कशी देऊ? मी आत्ता घेणारी. रांगेत उभी राहीन. चौधरी सरांना विनंती करीन, त्यांनी द्यावी.”

ज्ञानचंद चालवता चालवता म्हणाला, “अगं, पण सगळे नातेवाईक येणार आहेत तुला व्यासपीठावर बघायला! बाईंनी भुसावळपर्यंत सांगितलंय.”

ते खरे होते. मी सांगितले होते, आणि जरा चढवूनच सांगितले होते. ती मान राखायची म्हणून हट्ट धरता आला असता. माझ्या शब्दापुढे आमच्या घरात अजून कोणी जात नाही.  नात व्यासपीठावर उभी आहे, प्रेमराज मान डोलावताहेत, नणंदा एकमेकींना कोपर मारताहेत, हे सगळे डोळ्यांसमोरून गेले. आणि हेही लक्षात आले की माझ्याच शिकवणीचा अर्थ या मुलीने माझ्याहून पुढे नेला आहे. शिकवणारीला याहून मोठे दान मिळत नाही.

“चौधरींना फोन लाव,” मी म्हणाले. “ते हो म्हणाले तर साडी साधी नेस. रांगेत जरीची शोभत नाही.”

समारंभाच्या दिवशी धुळ्याच्या त्या सभागृहात आमचे गोत दोन रांगा भरून बसले होते. डॉक्टर चौधरी पुढे आले. वय चाळिशीच्या आतले, चष्मा, साधा सदरा. त्यांनी इंग्रजीतली ओळ म्हटली, मुलांनी म्हटली. मग मराठीत ते म्हणाले, “मी पूर्ण भान ठेवून प्रतिज्ञा करतो.” ‘सॉलम’च्या जागी ‘भान’ हा शब्द चेलनाचा होता. गंभीर नाही, पवित्र नाही, विधिपूर्वकही नाही. आदल्या संध्याकाळी तिने तो शोधून सरांना कळवला होता आणि त्यांनी मान्य केला होता. तिसऱ्या रांगेत, उंच मुलांच्या मागे, माझी नात तो म्हणत होती. चेहरा मला नीट दिसला नाही. आवाज तेवढ्या आवाजांत वेगळा काढता आला नाही. तरी मी हात जोडून ऐकत होते.

प्रेमराज माझ्याकडे झुकले. “भाभी, तुम्ही तर म्हणाला होतात की चेलना देणार. ही तर घेणाऱ्यांत.”

“देणारे पुष्कळ आहेत, प्रेमराजजी,” मी म्हणाले. “घेणारी एखादीच असते. गप्प ऐका.”

कार्यक्रम संपल्यावर मी डॉक्टर चौधरींना गाठले. माझ्या वयाच्या बाईने हात जोडले म्हणून ते गडबडले.

“आजी, हे काय? मी काय केलं?”

“त्या दिवशी धावत आलात, आणि माझ्या नातीला तिची चूक बोलू दिलीत. ओरडून गप्प बसवले नाहीत. एक जीव तुम्ही वाचवलात तो वेगळा. दुसरा हा.”

 ते म्हणाले, “आजी, मी ही शपथ घेतली तेव्हा कागद बघून घेतली होती. मागे मित्र हसत होते. आज देताना मात्र पहिली ओळ म्हणण्याआधी दोनदा वाचली. घाबरलो मी.”

“मग ठीक दिलीत,” मी त्यांना म्हणाले.

चेलना तेवढ्यात आली. पुण्याच्या कंपनीला तिने नकार कळवला होता. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका दवाखान्यात तिला सोमवारपासून रुजू व्हायचे होते. तिने आधी सरांना वाकून नमस्कार केला, मग मला. मी तिला म्हणाले, धुरपदाबाईंचा तपासणीचा अहवाल आला का, ते आधी विचार. ती तिथेच बाजूला होऊन फोन लावू लागली.